म्हातारीचं काम

प्रिय आत्या,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू शुद्धलेखन तपासून परत पाठवशील.

तुझा निरोप बाबांनी दिला. "सिनेमात नायिका झालीयस, आता नाटकात बोळक्या म्हातारीचं काम घेतलंस तर मला तोंड दाखवू नकोस म्हणावं." तू रंगमंचावर राणी झालीस, चोर झालीस, पडद्यावर कितीतरी नायकांची आई झालीस, आणि आज रस्त्यात तुला कुणी ओळखत नाही. माझं तसं होऊ नये म्हणूनच तू रागावलीस, हे मला मान्य आहे. भीती मलाही वाटते. काल तालमीत हात थरथरले, ते म्हातारीचे नव्हते, माझेच होते. दिग्दर्शक म्हणाले, "वा, हे असंच ठेव."

पण चादरींच्या घड्या घालता घालता एकच वाक्य आधी राणीसारखं, मग मोलकरणीसारखं माझ्याकडून म्हणून घेणारी तूच ना? आता एकच चेहरा जपून ठेव म्हणतेस. ते मला जमणार नाही. मी होकार कधीच कळवला आहे.

पहिल्या प्रयोगाला बाबा तुला ओढून आणतीलच. मी रंगमंचावर आल्यावर तू त्यांना हळूच विचारलंस, "ही कोण रे?", तर मी जिंकले.

तू घडवलेली, तुझं न ऐकणारी
भाची