भूमिकाच्या पोटासाठी

१२ जानेवारी, रविवार
भूमिकाचे जुलाब परत सुरू! औषध संपून आठवडाही झाला नाही. मला वाटलं होतं, या खेपेला सुटलो. चार वर्षांची पोर, नुसती हाडं हाताला लागतात. "आई, पोट दुखून राहिलं," एवढंच म्हणते. रडतही नाही आता. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

१५ जानेवारी, बुधवार
डॉक्टरांनी आज नीट समजावलं. पावसाळ्यात न्यूमोनियासाठी जी अँटिबायोटिक्स दिली, त्यांनी पोटातले चांगले जंतूही मारले. त्या रिकाम्या जागेत एक वाईट जंतू ठाण मांडून बसलाय. औषधानं दबतो, थांबवलं की डोकं वर काढतो. आता उपाय वेगळा — निरोगी माणसाची शी घ्यायची, तपासायची, गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून भूमिकाच्या आतड्यात सोडायची. त्यातले चांगले जंतू तिथे संसार थाटतील म्हणे.

प्रीतम म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मजाक तर नाही करून राहिले ना?" डॉक्टर हसले नाहीत.

१६ जानेवारी
देणार कोण? प्रीतमला दाढेसाठी, मला खोकल्यासाठी — दोघांनाही नुकतीच अँटिबायोटिक्स झालेली. दोघेही बाद! आईबापच कामाचे नाहीत.

शेवटी प्रीतमनं धाकट्या भावाला विचारलं. पियूषभाऊजी शहराबाहेर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, तिकडेच खोली करून एकटे राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, मी देतो ना! आजवर माह्या या गोष्टीची कोनी कदरच नाही केली." हसता हसता मला रडू फुटलं.

गावाहून, कुहीहून सासूबाईंचा फोन. "काहीतरीच! पोरीच्या पोटात असलं घान टाकतात काय वं?"

२९ जानेवारी, बुधवार
भाऊजींच्या तपासण्या निर्दोष!! एकच पथ्य. भूमिकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे — मागे चिक्कीच्या एका तुकड्यानं ओठ सुजले, श्वास अडला, ऑक्सिजन लावायची वेळ आली. म्हणून आधीचे काही दिवस भाऊजींनीही दाणे खायचे नाहीत. "पोह्यातले पन नाही? मंग ते पोहे कशाचे!" अशी कुरकुर केली, पण कबूल झाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सगळं फिसकटलं.

आता सासूबाई आमच्याकडेच राहणार आहेत, भूमिकाला सांभाळायला. काल कुहीहून निघाल्या, रात्री भाऊजींकडे उतरल्या, सकाळी दोघं मिळून दवाखान्यात आले. नर्सनं भाऊजींना विचारलं, "दाणे नाही ना खाल्ले?" भाऊजी नाही म्हणाले. मायलेक जरा बाजूला जाऊन बोलले. मग भाऊजी परत आले आणि खाली बघत म्हणाले, "खाल्ले. सकाळी ठेल्यावर पोहे खाल्ले. ध्यानातच नाही राहिलं."

डॉक्टर म्हणाले, जोखीम नको. भूमिका उपाशी, तयार करून ठेवलेली. तिला तशीच उचलून घरी आणली. या दिवसासाठी औषध थांबवलं होतं, संध्याकाळपर्यंत जुलाब सुरू!

एक प्लेट पोहे! त्यासाठी माझी पोर अशी तडफडते आहे. दवाखान्याच्या दारात, सगळ्यांदेखत बोलले मी त्यांना — तोंडाला येईल ते. ऐकून घेतलं. सासूबाईही एक शब्द बोलल्या नाहीत.

११ फेब्रुवारी
परत तेच औषध. दोन घास खाते, बस्स. भाऊजींचे फोन येतात, मी उचलत नाही. दुसरं कोणी मिळत नाही म्हणून त्यांनाच घ्यायचं. नाहीतर तोंड पाहिलं नसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
झालं! अर्ध्या तासात आटोपलं. भूमिका गुंगीत होती, आता झोपली आहे. भाऊजी सकाळी नमुन्याचा डबा देऊन जिन्याजवळ उभे होते. मी समोरून तशीच निघून गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार
घट्ट शी!!! प्रीतमनं लकडगंजच्या दुकानातून सुट्टी घेतली आणि पेढे आणले. शेजारणीनं विचारलं, कशाचे? काय सांगू कप्पाळ!

९ मार्च, रविवार
औषध बंद, पोट शांत. भूमिका वरणभात मागून घेते. गालांवर रंग आलाय. भाऊजींना आज जेवायला बोलवू या म्हणाला प्रीतम. मी म्हटलं, मला जमणार नाही. चुकीला माफी असते, पण हावरटपणाला?

१६ मार्च, रविवार
भूमिकाला भरवता भरवता सासूबाई एकदम थांबल्या. "त्यानं पोहे खाल्लेच नाही वं. आदल्या रात्री त्याले चटनी मी वाढली. जवस कमी पडला म्हनून दाने घातले होते. त्यानं इचारलं, तं मी म्हटलं जवसाचीच आहे. मले का मालूम, त्याले पन नाही चालत! नर्सनं इचारलं तवा समजलं. मी सांगाले निघाली, तं मले म्हने — आई, तू गप राह्य. तुले वहिनीच्या घरी राहाचं आहे, मले नाही."

खरं तेव्हाच कळलं असतं, तर दवाखान्याच्या दारातलं ते सगळं बोलणं मी सासूबाईंना ऐकवलं असतं. ते भाऊजींना ठाऊक होतं.