वरच्या टप्प्यातल्या वेली

रेबेनबाख, १९ सप्टेंबर १९८८

प्रिय रोझविथा,

हाम्बुर्गच्या दमट हवेत तुझा खोकला वाढला नसेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे.

हे पत्र तुला आहे, आणि या डोंगरउतारावर वाढून निघून गेलेल्या तुझ्यासारख्या प्रत्येकाला. आपली सगळ्यांची तक्रार एकच: वाइनच्या बाटलीवर नाव शहराचं लागतं, पाठ आपली मोडते. खाली सपाटीवर यंत्रं फिरतात आणि वर अजून माणूस पाठीवर टोपली घेऊन चढतो. हे मी नगरसभेत वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं, एकदा वर चढून बघा म्हटलं. प्रत्येक वेळी टाळ्या मिळाल्या. वर जायचा रस्ता काही मिळाला नाही.

बाकी शहर आहे तसंच आहे. बाजारचौकातली बेकरी बंद झाली. कुणी पाहुणा चुकून 'गाव' म्हणाला, तर आपला पोस्टमन अजून सायकलवरून उतरून त्याला सांगतो की इथे तट होता, वेस होती, म्हणून हे शहर. तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंचांनी सगळं जाळलं तेव्हा आपल्या लोकांनी आधी वेली लावल्या आणि मग छपरं घातली, असं बाबा सांगायचे. खरं-खोटं कोण जाणे. पण स्वभाव तोच आहे.

गुरुवारी बुर्खार्टच्या अंगणात आम्ही वरचे बागवाले जमलो होतो. बुर्खार्ट आठवतो ना, आपल्या बागेखालच्या टप्प्यातला? त्याने दारावर झाडू टांगलाय, म्हणजे घरची वाइन विकायला काढलीय. त्याच्या नव्या वेलींवर भुरी आली आहे. वर कुणाची तरी बाग बिनछाटणीची माजली आहे, रोग तिथूनच उतरतो, असं सगळे म्हणत होते. म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, भाषणाची वाट बघताहेत.

मी उभा राहिलो. अंगणातूनच वरच्या त्या रानटी हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हा कोण वारस आहे, ज्याचा बाप इथे झिजला आणि जो स्वतः वर फिरकतसुद्धा नाही? अशा माणसाने शेजाऱ्यांसमोर बसून पिऊ नये, असंही म्हणालो. चांगलं बोललो, रोझी. बऱ्याच दिवसांनी आवाज लागला होता.

कुणी टाळी वाजवली नाही. बुर्खार्ट हळू म्हणाला, "गेर्नोट, मधला बांध वसंतातच ढासळला, दोन टप्प्यांचा एक झाला. म्हणून खालून टप्पे मोजताना तू एकाने चुकलास. ती बाग तुझीच आहे."

आम्हा बागवाल्यांतली म्हातारी मेख्टिल्ड म्हणाली, "बस आता. भाषण झकास होतं आणि माणूसही बरोबर पकडलास."

हसलं कुणी नाही. टेबलावर फिरणारा ग्लास तिने माझ्याकडे सरकवला. आपल्याकडे ग्लास नाकारत नाहीत. मी घोट घेतला आणि पुढे दिला.

वर लिहिलंय की मी ठीक आहे. तसं नाही. दगडी पायऱ्यांच्या दुसऱ्या वळणावर छाती आवळते. डॉक्टरांनी चढायला मनाई केली आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी वर गेलेलो नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. ज्याने उभ्या शहराला वर चढायला सांगितलं, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

बुर्खार्ट म्हणतो, त्या वेली मीच उपटून देतो. मी नको म्हणालो. बाबा युद्धकैदेतून परतले तेव्हा त्यांनी त्या वेली लावल्या. ते खड्डे खणायचे आणि तू पाणी ओतायचीस. त्या परक्या हाताने निघू नयेत. आणि राहूही नयेत, कारण त्या राहिल्या तर बुर्खार्टची कोवळी बाग जाईल. वर चार जण तरी अजून टिकून आहेत, त्यांच्या मुळावर आपलंच घर यायला नको. नव्या लावायचं मनात आणू नकोस. माझ्यात ती ताकद नाही आणि तुझं आयुष्य तिकडे आहे.

बाबांच्या दफनानंतर आपण या जमिनीवरून भांडलो, ते मी उकरत नाही. एवढंच मागतो: द्राक्षतोडणी संपेल त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ये. कुदळ घेऊन वर चढ आणि त्या वेली मुळासकट काढ. एकही ठेवू नकोस.

खाली रस्त्यावर उभा राहून बघणारा,
तुझा भाऊ
गेर्नोट