संपतचं नाक

मांडवगण फराटा,
२२ नोव्हेंबर १९९९

सौ. म्हाळसास अनेक आशीर्वाद. (मागच्या खेपेस नुसतं ‘आशीर्वाद’ लिहिलं म्हणून रुसलीस; आता अनेक घे.)

इकडे सर्व क्षेम. म्हैस आटली. पूनमला रांजणगावच्या कंपनीत सकाळची शिफ्ट लागली, त्यामुळे भाकरी मी थापतो. तिचा आकार कोणत्याही शास्त्रात बसत नाही. खुटबावला आईंचा गुडघा कसा आहे? पंधरा दिवसांसाठी गेलीस, महिना होत आला. गुडघ्याला वेळ लागतो, असं मी लेकीला सांगतो.

चावडीपुढचं स्मारक उभं राहिलं. कारगिलनंतर गावाला एकदम आपले जवान आठवले. लढाईवर गेलेल्या सगळ्यांची नावं कोरलीत, मधोमध संपतचा अर्धपुतळा. एकाहत्तरच्या लढाईतून परत न आलेला तो एकटाच. नाक तू सांगितलंस तसंच झालंय. कारागिरानं आधी घडवलेलं सरळ नाक साऱ्या गावाला पसंत होतं, तू हंडा घेऊन जाता जाता म्हणालीस, “न्हाई, डावीकडं जरा कललेलं हुतं.” अठ्ठावीस वर्षांनी! मी गणपतीत चष्मा बदलला, तो तुला अजून दिसायचा आहे.

तुमचं ठरलं होतं, सुपारी फुटली होती, हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. त्याचं काही नाही. पण तो बावीस वर्षांचाच राहिला आणि मी पोट सुटलेला संस्कृतचा मास्तर झालो. खंडोबाच्या घरात मत्सर म्हाळसेनं करायचा असतो. आपल्याकडे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

काल सरपंच मारुतराव आले.

“गुरुजी, सोळा डिसेंबरला उद्घाटन. पयला दिवा जवानाच्या घरच्या बाईनं लावायचा. संपतची आई गेली, बहीण न्हाई. सुपारी फुटली म्हंजी वहिनी निम्मी सूनच की. धाडता का?”

“तिच्या आईचा गुडघा दुखतोय.”

“गुडघा आईचा दुखतोय. तुमचं काय दुखतंय, गुरुजी?”

आज शाळा सुटल्यावर चौथऱ्यापाशी गेलो. त्याला ऐकवायला चार खोचक वाक्यं तयार होती. पण त्या कललेल्या नाकामुळे तो पुतळा वाटेना. कुणाचं तरी पोर वाटलं. आणि त्याच्यापुढे दिवा लावील असं गावात एकच माणूस उरलंय.

तू गुडघ्यासाठी गेली नाहीस. “एवढं ध्यानात होतं तर त्याच्याच नावानं बसायचं होतंस,” असं मी म्हणालो, म्हणून गेलीस. ते शब्द लिहायला मला पत्राच्या शेवटापर्यंत यावं लागलं.

दिवा तूच लाव. रडू आलं तर माझ्याकडे बघून आवरू नकोस. मत्सर गेलेला नाही, त्याला घेऊनच मी पुरुषांत बसेन. एवढंच कर: चौथऱ्याला दोन्हीकडून पायऱ्या आहेत. उतरताना माझ्या बाजूनं उतर.

जिवंत असल्यामुळे मागे पडलेला,
तुझा
चांगदेव