जांभळ्या इरकलीची पट्टी

१२ जानेवारी
हो म्हणून बसले! प्रदर्शन भरवणारी पूर्वा विचारत होती, "मॅडम, पाटीवर 'क्विअर कलाकार' लिहू ना?" लिही म्हटलं – शाळेत हजेरी घ्यायचे त्याच आवाजात. गोधडीचं नाव 'एका पांघरुणातल्या दोघी'. खाली माझं नाव, शेजारी आम्रपालीचं. एकोणतीस वर्षं सोसायटीच्या लेखी आम्ही नुसत्या मैत्रिणी, सोयीसाठी एकत्र राहणाऱ्या.

आम्रपाली चहा गाळत म्हणाली, "बासष्टाव्या वर्षी घाबरायला वेळ कुठून काढतेस?"

१५ जानेवारी
गोधडी पोचवली. सगळं शेजारणींनी टाकायला काढलेल्या साड्यांचं. मधोमध खालच्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंच्या जांभळ्या इरकलीची पट्टी. "फरशी पुसायला घ्या," म्हणाल्या होत्या. इतकं मऊ सूत फरशीला कोण लावेल?

१७ जानेवारी
प्रदर्शनाचं कार्ड सोसायटीच्या ग्रुपवर. कोणी टाकलं कळत नाही. एकही उत्तर नाही. 'उद्या पाणी येणार नाही' याला मात्र चौदा अंगठे.

१८ जानेवारी
जिन्यात पाऊल वाजलं की सुई थांबते.

१९ जानेवारी
दुर्गाबाई प्रदर्शनात आल्या. एकट्या. चष्मा लावून पाटी वाचली, दोनदा. मग पट्टीवर बोट ठेवलं.
"ही माझी ना?"
हो म्हटलं.
"उसवा. उद्या घरी आणून द्या."
वळल्या आणि गेल्या.

म्हणजे आमच्या पांघरुणात त्यांची जुनी साडीसुद्धा नको. उद्या सोसायटीची सभा बोलावतील, परवा आणखी काही. या वयात कुठे जायचं?

गोधडी घरी आणली. ब्लेडने टाके कापले. एका जागी कापड फाटलं. आम्रपाली म्हणाली, "दे त्यांची त्यांना. मी हात लावणार नाही." आणि पाठ करून बसली.

२० जानेवारी
पट्टी घेऊन खाली गेले. माफी मागायची नाही, असं ठरवून.

दुर्गाबाईंनी कपाटातून एक साडी काढली. तशीच जांभळी इरकल, पण कोरी. घडीही न मोडलेली.

"सुमनची, माझ्या मैत्रिणीची. आम्ही दोघींनी एकाच दिवशी घेतल्या होत्या. घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं, ही माझ्याकडेच राहिली." मग पट्टीवरून हात फिरवत, "या दोन्ही शेजारी शेजारी शिवा. माझं नाव मात्र कुठे नको हं. घरात सून आहे."

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.