सोमारीचं कार्ड

रविवार, ५ एप्रिल १९५९

प्रिय रंभा,

तू म्हणशील, तीन महिने पठ्ठ्या गप होता अन् आता एकदम एवढं जाडं पाकीट! शिव्या दे, पण वाचून झाल्यावर दे. यावेळी कालेजच्या मासिकातली भाषा नाई. त्या भाषेत लिहायले बसलो की मी आपोआप चांगला माणूस होऊन जातो, अन् आज मले तसं होऊन चालणार नाई. आपण नागपूरले बोलत बसायचो तसंच लिहून राह्यलो. बुधवारी तुमच्या मास्तरणी घडवणाऱ्या ट्रेनिंग शाळेत मुलाखती आहेत अन् टेबलाच्या तिकडून तू बसणार आहे, हे मले माहीत आहे. वनगावच्या, म्हणजे जंगलातल्या गावांच्या, मुलींसाठी तिथं एक जागा आहे. माझ्या शाळेतली सोमारी त्या जागेवर पाहिजे होती, अन् मुलाखतीले बोलावलेल्यांच्या यादीत ती नाई. काऊन नाई, ते सांगतो. पण सुरुवातीपासून सांगतो, नाईतर तू अर्ध्यातच मले माफ करून टाकशील. तुझी ती खोड मले ठाऊक आहे.

गेल्या वर्षीचा मे आठव. खसच्या ताट्यांवर पाणी मारून मारून शिपाई थकायचा, अन् मुंबईहून आलेले साहेब आपल्याले शिकवायचे की कोणता पोरगा काय होईल, हे कसं ओळखायचं अन् त्याच्या कार्डावर कसं भरायचं. सहा आठवड्यांत आपण अठ्ठावीस मास्तर 'मार्गदर्शक शिक्षक' झालो. मी तर पहिल्या आठवड्यातच झालो होतो, असं तूच म्हणायची. तुझा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. तू उभी राहून विचारलं, "साहेब, मूल घरी कोणती भाषा बोलतं, ते कार्डावर कुठी लिहायचं?" साहेब म्हणाले, "बाई, रकाना नाही तर लिहू नका." सगळे हसले. मी बी हसलो. सिरोंच्याची तू, घरी तेलुगू, शाळेत मराठी. तुले ते विचारावं वाटणारच, एवढाच विचार मी केला. त्या दुपारी तू डब्यातली लिंबाची फोड मले दिली नाई. का दिली नाई, ते कळायले मले दहा महिने लागले, रंभा.

जुलैत आमची पेटी आली. टिनाची, हिरवी, चामोर्शीपासून बैलबंडीत बसून. पोट्ट्यांना वाटलं दवाखाना आला. आतमध्ये साठ कार्डं, प्रश्नांचे छापील कागद, सूचनांची वही अन् बारा रंगीत तक्ते. इंजिन हाकणारा, नकाशे काढणारा, टाइप करणारा. मी वर्गभर तक्ते टांगले. टेलिफोनवाल्या बाईचं चित्र पाहून सहावीतला एक पोट्टा म्हणे, "मास्तर, या बाईचा कान दुखून राह्यला का?" आमचे हेडमास्तर गुणवंतराव दारात उभे होते, ते इतके हसले की टोपी हातात आली. मले म्हणाले, "लेखकसाहेब, वीस कोसात टेलिफोन नाई अन् तुम्ही आमच्या पोरींना टेलिफोनवर बसवता! असू द्या. पण कार्डं भरा बरं, कादंबरी नका भरू." मी चिडलो. मनात म्हटलं, या माणसाले नवं काही समजतच नाई.

सोमारी सातवीत आहे. जंगलातल्या गावाहून येते, तीन कोस पायी, सोबत चार लहान पोरं घेऊन. रस्त्यानं त्याईचे पाढे घेते. मी एकदा मागून सायकलवर येत होतो, तर पुढून तेरचा पाढा चालत येत होता, अन् चुकलं की सगळे थांबत होते. फॉरेस्टगार्ड त्यांच्या गावात कागद देऊन गेला की तो कागद संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. सोमारी शाळेतून येते, मराठीत वाचते, गोंडीत सांगते, मग गाव जेवते. हे सगळं मले माहीत होतं. माहीत असून मी काय केलं, ते पाह्य.

जानेवारीत प्रश्नांचे कागद भरून घेतले. सूचनांच्या वहीत लिहिलं होतं: उत्तर मुलाचं स्वतःचं असावं, शेजाऱ्याकडे पाहू देऊ नये. मी एक पाऊल पुढं गेलो. शाळेमागं झाडं आहेत, एकेका झाडाखाली एकेक मूल बसवलं. मले ते दृश्य फार आवडलं. त्यावर गोष्ट लिहावी वाटली. तासाभरानं कागद गोळा केले. वनगावची अकरा मुलं, अकराही जणांचा शेवटचा भाग कोरा. 'मला पुढे काय व्हायला आवडेल' त्याच्यापुढं काही नाई. सोमारीचं बाकी सगळं सुवाच्य, गणितं बरोबर, अन् तिथं मात्र कोरं. वहीत नियम होता, कोऱ्याले शून्य. मी शून्य दिलं, बेरीज केली अन् कार्डाच्या शेऱ्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "निश्चित आवड नाही. घरकामास योग्य." रंभा, हे मीच लिहिलं. वहीत नव्हतं.

आता याच्यापुढचं सांगायले मी तीन महिने लावले. कागद अन् कार्डं गुणवंतरावांकडं दिल्यावर आठ दिवसांनी सोमारी माझ्या टेबलापाशी आली. मी पूर्णविराम नसलेली एक गोष्ट लिहून राह्यलो होतो अन् तिसऱ्या पानावर अडलो होतो. ती म्हणे, "ठरलं, मास्तर." मी विचारलं, काय ठरलं? "ते कागदावरचं. आता भरतो मी. दे." हात पुढं केला होता तिनं. मी वर बी पाह्यलं नाई. म्हटलं, "परीक्षा झाल्यावर कोणी पेपर मागते का? कागद गेले. जा." कागद तोवर गुणवंतरावांच्या टपालातच होते, चांद्याच्या ऑफिसले गेले नव्हते. नुसतं उठून बाजूच्या खोलीत जायचं होतं. तिनं हात मागं घेतला अन् गेली. दुसऱ्या दिवशी त्या चार पोरांना घेऊन वेळेवर आली. रडली असती, रुसली असती, तर मले कदाचित लवकर कळलं असतं.

मार्चात कार्डांवरून केलेली तुमची यादी आली. तिचं नाव नाई, ते मी वाचलं अन् फळ्यावर लावून दिलं. मग मोहफुलं पडायले लागली अन् शाळा ओस पडली. गुणवंतरावांनी मले पोरं आणायले पाठवलं. "जा लेखकसाहेब, मार्गदर्शन करा!" सकाळीच पोहोचलो तर सारं गाव झाडांखाली वाकलेलं, टोपल्या भरून राह्यले होते. सोमारीची आत्या रुखमा, तोंडाची फटकळ बाई, मले पाहून कंबर सरळ करत म्हणे, "आला का मास्तर! तूच का तो, पोट्टीले एकटीले झाडाखाली बसवून इचारणारा?" मी म्हटलं, हो, पद्धतच तशी आहे. "एकटीले काय इचारतं गा? ते जाईन तर तिच्या वाटचं पाणी कोन आणन? ढोरं कोन पाहीन? लहान्या पोट्ट्याईले शाळेत कोन नेईन? हे ठरल्याबिगर ते कसी सांगन, मी जातो म्हणून? तुमच्यात सांगते का?" आमच्यात सांगतात, रंभा, अन् न सांगता बी जातात. मी तसाच आलो होतो घरून.

मग सोमारीचा बाप चैतू सांगायले लागला. ज्या दिवशी कागद भरले, त्याच संध्याकाळी सोमारीनं घरी गोष्ट काढली होती. गाव तीनदा बसलं. चैतू म्हणे, "जंगू पटेल आडवा आला, नाईतर दोनदात झालं असतं." जंगू पटेल म्हणजे गावाचा म्होरक्या, शेजारच्याच झाडाखाली होता. तो तिथून ओरडला, "आडवा नोहतो आलो! म्या येवढंच म्हणलं, पोट्टी शिकून वापस आली पाहिजे. मास्तर येते अन् पळते, तसं नको." सगळे माझ्याकडं पाहून हसले. पाणी कोणी आणायचं, ढोरं कोणी, पोरं कोणी न्यायची, घराघरांनी वाटून घेतलं. अन् ज्याची गोष्ट चालली असते, तो सगळ्यात शेवटी बोलतो, तशी तिथं रीत आहे. सगळ्यांचं झाल्यावर सोमारी बोलली, "जातो. शिकून इथीच येतो." ते ठरलं अन् ती सकाळी तीन कोस चालत माझ्या टेबलापाशी आली होती. बाकीच्या दहा जणांचं बी तसंच. त्यांनी ती जागा कोरी ठेवली, कारण गावात ठरल्याआधी लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मी मान खाली घालून बसलो. रुखमाआत्याले वाटलं, मास्तर उपाशी आहे. तिनं आंबिलीचा कटोरा समोर ठेवला अन् म्हणे, "पी, मंग बोल." सोमारी टोपली घेऊन तिथंच उभी होती. मी तिले सगळ्यांसमोर सांगितलं की कागद गेले नव्हते, मी उठलो नाई. तिनं टोपली खाली ठेवली. म्हणे, "मले माहीत होतं, मास्तर. दारातून टपाल दिसत होतं." अन् परत फुलं वेचायले वाकली.

परत आलो अन् चांद्याच्या ऑफिसले पत्र लिहिलं, नक्कल मुंबईले. अकरा कार्डं चुकीची आहेत, चूक मुलांची नाई, माझी आहे, असं साफ लिहिलं. गुणवंतराव वाचून म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यले तुम्ही. जूनचा मुंबईचा पुढचा वर्ग गेला समजा. वरचे म्हणतील, याले पेटी देऊन चूक केली." मी म्हटलं, म्हणू द्या. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग पट्टी घेतली अन् उरलेल्या कोऱ्या कार्डांवर एकेक रेघ मारून नवा रकाना काढून दिला, घरची भाषा. मी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाले नवं समजत नाई म्हणत होतो, त्यानं तो काढला.

मुंबईहून उत्तर आलं. माझं नाव जूनच्या वर्गातून काढलं. तू त्या वर्गाले जाशील, जायलेच पाहिजे. तुले ठाऊक आहे, मी बी जून मोजत होतो, अन् नुसता वर्गासाठी नाई. शेवटच्या दिवशी नागपूरच्या स्टेशनावर तू विचारलं होतं, पुढं काय ठरवलं, अन् मी गाडीच्या वेळेचं काहीतरी बोललो होतो. त्याचं उत्तर या पत्रात घुसवणार नाई. ते वेगळं लिहीन, वेगळ्या कागदावर, तुले वाचावं वाटलं तर. चांद्याच्या ऑफिसचं उत्तर मात्र असं आलं: यादी बदलता येत नाई, पण मुलाखत घेणाऱ्या कमिटीले वाटलं तर ती आणखी एकीले बोलावू शकते. म्हणजे आता माझ्या हातात काही नाई.

पाकिटावर तिकीट नाई, हे तू पाह्यलंच असशील. ज्या मुलीच्या हातून तू हे घेतलं, तीच सोमारी. सोबत चैतू, रुखमाआत्या अन् जंगू पटेल आहेत. मोहफुलाच्या भर दिवसांत चार माणसं चार दिवसांची फुलं सोडून, डोंग्यातून वैनगंगा उतरून, मोटारीनं तिथवर आली आहेत. तू वाचून राह्यली तितका वेळ ती बाहेर उभीच असतील, बस म्हटल्याशिवाय बसणार नाईत. आधी पाणी देजो. मेहरबानी नको करू, ती जागा दुसऱ्या मुलीची असेल तर तिलेच देजो, पण हिले एकदा विचार. कमिटीतले साहेब म्हणतील, मुलगी एकटीच आत येऊ द्या. तू ऐकू नको. चौघांना बी आत घे, खाली सतरंजीवर बसव अन् तू बी त्याईच्यात बस. आत्या बोलेल, बाप बोलेल, जंगू पटेल तर फारच बोलेल. सोमारी तोवर मान खाली घालून गप असेल, अन् कोणीतरी कार्डावर शून्य मांडायले पेन उचलेल. त्याचा हात धर, रंभा. सगळ्यांचं झालं की ती बोलेल. तेवढं लिहून घे.

तुझाच,
मुखरू