भिंतीवरच्या सासूबाई

चायनाटाऊन, कॅलिफोर्निया
चांद्र नववा महिना, पौर्णिमा

ती. सौ. सिउ-फोंग जाऊबाईंना धाकट्या पुई-हानचा वाकून नमस्कार.

कुन-याम मातेच्या कृपेने इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे सासूबाईंसकट. हे वेगळं लिहावं लागतंय, कारण निम्म्या वस्तीचा त्यावर विश्वास नाही. तुमची गुडघेदुखी कशी आहे? (इकडे यायचा तुमचा बेत दरवर्षी तिच्यामुळेच मोडतो, म्हणून आधी तिची चौकशी.)

आपल्या कोपऱ्यावरचं रेल्वेस्टेशन अखेर उघडलं. तुम्ही इथे होतात तेव्हा तिथे भाजलेल्या बदकांचं दुकान होतं. खोदकामाच्या धुळीत ते बसलं ते बसलंच. आता त्या जागी वळणदार कौलं, लाल खांब आणि दाराशी दोन दगडी सिंह. दोन्ही नर. पायाखाली पिल्लू धरलेली सिंहीण हवी, हे कुणाला आठवलं नाही (सांभाळणारीची आठवण कुणाला असते म्हणा). स्टेशन दिवसेंदिवस चिनी होत गेलं, आणि भाडी वाढली म्हणून चिनी माणसं वस्ती सोडत गेली.

तर एडमंड नावाचा चित्रकार घरोघर फोटो मागत फिरला. पोरगा आपल्यातलाच, पण आजीची भाषा आजीबरोबरच पुरून आलेला. "काकू, वस्तीचे चेहरे भिंतीवर लावायचेत," म्हणाला. मी सासूबाईंचा बाजारातला रंगीत फोटो दिला. हातात कोबी, तोंड उघडं, भाजीवाल्याशी भांडताना. (मोठी प्रत फुकट मिळणार होती.) त्याने काय करावं? कोबी कापला, भाजीवाला कापला, रंग पुसले, तोंड मिटवलं, आणि उरलेला चेहरा, काळापांढरा, समोर टक लावून बघणारा, काळ्या चौकटीत फरशांवर भाजून जिन्याच्या वर बसवला. असा फोटो माणूस गेल्यावरच लावतात, हे त्याला सांगायला घरात कुणी उरलं नसावं.

पहिल्याच सकाळी लोक गाडी सोडून भिंतीपुढे तीनतीनदा वाकायला लागले. दुपारपर्यंत उदबत्त्या आणि संत्र्यांची रास. सासूबाईंना पत्ता नाही, कारण त्या स्टेशनचा जिना उतरत नाहीत. झाडूवाला संत्री फेकणार होता, म्हणून मी ती पिशवीत भरून घरी आणली. (अन्न वाया गेलेलं मला बघवत नाही, तुम्हाला माहीत आहे.) सासूबाईंनी एक सोललं.

"सूनबाई, याला उदबत्तीचा वास येतोय. कुठल्या देवळातला प्रसाद?"

"स्टेशनातला."

"स्टेशनात कसला आलाय देव?"

शेवटी सांगावं लागलं, "आई, तुम्हीच."

त्यांनी आधी संत्रं संपवलं आणि मग आकांत मांडला.

दुसऱ्या दिवशी माजोंग खेळायला गेल्या, तर काम-हो मावशीने त्यांच्या जागेवर दुसरीच बाई बसवलेली. "रागावू नकोस गं, पण भिंतीवर गेलेल्या बाईबरोबर बसले तर माझ्या हातात कसली सोंगटी येणार?" सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर तरी मी तुला जिंकू देईन असं वाटलं होय?" बोलून परत आल्या, पण आपल्या इमारतीच्या पायरीवर बराच वेळ नुसत्या बसून होत्या.

मी स्टेशनच्या कचेरीत गेले. तिथली बाई म्हणाली, हा तर मोठा मान आहे, आणि ही फरशी शंभर वर्षं हलायची नाही. मी म्हटलं, "बाई, सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे."

आणि मग तुमचं पुष्पचक्र आलं. कुणीतरी तुम्हाला कळवलं असणार. तुम्ही फोन केला नाहीत. दुःखात सुचत नाही माणसाला. पांढरी शेवंती, उत्तम प्रतीची, रेशमी पट्टीवर 'मातोश्रींस, थोरल्या मुलाकडून'. दार सासूबाईंनीच उघडलं, सहीही त्यांनीच केली. मी म्हटलं, फुलवाल्याची चूक झाली असेल. "चूक कसली? नाव माझंच आहे," म्हणाल्या. चक्र खुर्चीला टेकवून त्यावर पाणी शिंपडलं. "थोरल्याने मला कधी फुलं पाठवली नव्हती." आता ते टाकूही देत नाहीत. घरात मयताची पांढरी फुलं सुकतायत आणि मी रोज कुन-यामपुढे नाक घासतेय.

मला तुमच्याकडून काही नको. आजवर काही मागितल्याचं माझ्या वहीत नाही. मोठ्या भावजींना नमस्कार.

तुमची,
पुई-हान

ता. क. सासूबाई तुमच्याकडे राहायला यायचं म्हणत होत्या. घाबरू नका, मी मोडता घातला.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना त्यांनी पत्र वाचून दाखवायला लावलं, बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही. (बरंच गाळून वाचलं.) रागावल्या नाहीत. एवढंच विचारायला सांगतात, की पुरायच्या वेळी थोरला येणार होता का? विमानाचं तिकीट काढलं होतं का? काढलं असेल तर रद्द करू नका, तसेच या. आणि काढलंच नसेल, तर जाऊबाई, पाकिटात कोरा कागद घालून पाठवलात तरी चालेल. वाचून मीच दाखवते.