हुरडा, अर्थासकट

अण्णा, आज पुन्हा तो शब्द शोधला. इंग्रजी शब्दखेळ खेळणाऱ्यांसाठीची नवी यादी मोबाईलवर आली, ती जेवता जेवता उघडली आणि तडक एच अक्षरावर गेले. नाही. हात धुतले, गॅलरीत एक चक्कर मारली आणि परत येऊन पुन्हा तेच पान पाहिलं. यादी काय, तेवढ्यात बदलणार होती?

तुम्ही कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवायचात आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यापुढे तो अक्षरांचा पट मांडायचात. बाकीचे लोक नुसते शब्द घोकून जिंकतात, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या घरचा कायदा निराळा: आधी अर्थ सांगायचा, मग सोंगट्या ठेवायच्या. झेड-ए-एक्स म्हणजे छपराचा दगड तासायचं हत्यार. सी-डब्ल्यू-एम, ज्यात औषधालाही स्वर नाही, म्हणजे डोंगराच्या पोटातली खोलगट दरी. ‘‘अकोले तालुक्याच्या डोंगरात जा कधी, डोळ्यांनी बघशील,’’ असं तुम्ही म्हणायचात. एकदा मी मोठ्या तोऱ्यात जे-ओ-डब्ल्यू-ए-आर लावलं, तर तुम्ही एकेक सोंगटी उचलून माझ्या हातावर ठेवलीत. ‘‘ज्वारी आपली. इंग्रजीत सोरघम.’’ शेजारी दाणे निवडत बसलेली आई म्हणाली, ‘‘आपली हाय म्हनून बाद? आसं कुठं आसतं व्हय?’’ तुम्ही हसलासुद्धा नाहीत. तो शब्द इंग्रजी कोशात आहे हे मी पुढे स्वतः पाहिलं, पण तोवर भांडायला तुम्ही राहिला नव्हतात. मला फार राग आला होता.

आणि तो शेवटचा डाव. दुखण्यात तुमचे शब्द घसरायला लागले होते. चहा हवा असला की पाणी म्हणायचात. थंडीचे दिवस, तुम्ही शाल पांघरून बसलेले. मी पाहते आहे, आणि पटावर एच, यू, आर, डी, ए अशी ओळ लागते आहे. मी अर्थ विचारते. ‘‘कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे,’’ तुम्ही सांगता, वर्गात सांगावं तसं. ज्वारी बाद करणारा माणूस हुरडा लावतो आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. आता मी हरकत घ्यायची असते. मी म्हणते, ‘‘चालतो.’’ तुम्ही पट बाजूला सारता. ‘‘बास आता,’’ एवढंच म्हणता. त्यानंतर आपण खेळलो नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. तुमची भाषा खरंच निसटली होती, की मी हरकत घेते का हे बघायला तुम्ही थाप मारली होतीत? थाप असेल तर तुमचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, आणि मग मला शांत झोप लागेल. भाषा निसटली असेल तर नाही लागणार. म्हणून दर नवी यादी उघडायची. शब्द आत आला तर प्रश्नच मिटला, तुम्ही तेव्हा बरोबरच होतात असं म्हणता येईल.

आज राहवलं नाही. आईला फोन लावून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ‘‘त्यात काय कोडं हाय? हुरड्याचे दिवस हुते. खावा वाटला आसंल त्यान्ला.’’ आणि लगेच तिच्या गुडघ्याकडे वळली. मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर कुठं बसावं ते कळेना, म्हणून हे लिहायला घेतलं. पाठवायची सोय नाही, म्हणून लिहिता तरी येतंय.

खरं सांगू, अण्णा? तुम्ही थाप मारली असंच मी अजूनही धरून चालणार आहे. कारण आई म्हणते तसं असेल, तर तुम्ही हुरडा मागितलात आणि मी तुम्हाला गुण दिले.